भिंतीचा उरलेला अर्धा भाग

पोरी,

ज्या दिवशी हॉस्पिटलातून आई गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून बैठकीची भिंत अर्धीच आहे. मी ओला रंग लावायचा आणि तो सुकायच्या आत तिने पिसाने संगमरवराच्या रेघा ओढायच्या, असंच आम्ही जन्मभर काम केलं. काल मला बरं वाटावं म्हणून जावईबापूंनी रेघा ओढल्या. संगमरवर कसला, विजेच्या तारा लोंबतायत नुसत्या! सगळं पुसलं. त्यांना सांग, हवा तेवढा चहा करा, पण पिसाला हात लावू नका. आईने शिकवलं तुला, आणि तू नवऱ्याला पुढे करतेस?

पुसण्यात टर्पेंटाईन संपलं, ते आणायला चाललोय. पिसं तिच्या डब्यात आहेत. खिडकीकडची अर्धी भिंत अजून कोरी आहे.

बाबा