आगाऊ छापलेला निवांत दिवस

शनिवार, १८ जानेवारी. सायं. ५.१०. जहाजावर.

एक तक्रार नोंदवणे भाग आहे. या जहाजावर टॉवेलचा हत्ती करून ठेवतात. सोंड, कान, सगळं साग्रसंगीत. तोंड धुऊन मी हात पुढे केला तर अक्का मागून ओरडली, आरं दया, गणपतीला तोंड पुसतूस का! अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कस्तुराबाई. तिनं तोवर सोंडेला विभूती लावली होती. परिणामी चौघांच्या केबिनीत वापरण्याजोगा टॉवेल शून्य. तोंड पडद्याला पुसलं.

सहल शिल्पाकडून. आमची एकुलती एक, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. सोबत मी, पत्नी उज्वला आणि अक्का. उद्या रविवार, पूर्ण दिवस पाण्यावर. बंदर नाही, कोची थेट परवा.

संकल्प: उद्या काहीही न करणे. सुरुवात पहाटे साडेपाचपासून.

सायं. ५.५०.

उद्याच्या निवांतपणावरचा लेख परवाच देगलूरहून नांदेडला पाठवला आहे. रविवार पुरवणीसाठी. यात गैर काही नाही. पंचवीस वर्षं तालुका वार्ताहर आहे. कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न’ झाल्याची बातमी मी मंडप उभारण्याआधी लिहून ठेवतो, अध्यक्षाच्या नावाची जागा तेवढी मोकळी. घटना घडण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो, त्याला न्यायशास्त्रात प्रागभाव म्हणतात. आम्ही प्रागभावाचे अधिकृत प्रतिनिधी.

लेखाचा शेवट उत्तम साधला आहे: ‘मावळत्या सूर्याच्या साक्षीने लेकीने लातूरच्या स्थळाला होकार दिला. आम्हा उभयतांचे डोळे पाणावले.’

स्थळ म्हणजे संगमेश. कृषी अधिकारी, शांत मुलगा, वडील गुरुपादप्पा सज्जन. लातूर देगलूरहून अडीच-तीन तास. सकाळी निघून लेकीच्या घरी जेवून रात्रीच्या आत परत. शिल्पा स्वतःच म्हणाली होती, पप्पा, स्थळाबद्दल रविवारी समुद्रावर निवांत बोलू. नकार द्यायला कुणी एवढ्या मोठ्या जहाजात बसवत नाही.

उपसंपादक व्यंकटला बजावलं आहे, माझा फोन आल्याशिवाय लेख सोडू नको.

सायं. ६.२५.

व्यंकटचा मेसेज: सर, लेख झकास. उद्याच लावला, पहिल्या पानावर, रंगीत. फोन लागून नाही राहिला म्हणून वाट नाही बघितली.

लगेच उत्तर दिलं: थांब. एकच टिक. तेवढ्यात रेंज गेली. हा प्रागभाव नव्हे. हा अत्यंताभाव, म्हणजे मुळात कधीच नसणे.

रविवार, १९ जानेवारी. पहाटे ५.३०.

उठलो. काहीही न करण्यास प्रारंभ.

शांतपणे विचार केला. शिल्पा आज होकार देणारच. म्हणजे लेख खोटा नाही, फक्त थोडा लवकर आहे. तिच्याकडून दुपारी बारापर्यंत होकार घेणे. सूर्य मावळता होता की डोक्यावर, हे नांदेडला कोण बघतंय?

सकाळी ८.१५.

नाश्त्याला शिल्पा शेजारी येऊन बसली. म्हणाली, पप्पा, आता बोलू का? मी म्हणालो, इडली संपायच्या आत आणतो. आणली. ती परत म्हणाली, पप्पा. मी म्हणालो, चटणी राहिली. मग सांबार, मग चमचा. चौथ्या खेपेला ती हात जोडून बसली होती.

तिचा चेहरा होकाराचा वाटला नाही. पण रिकाम्या पोटी चेहऱ्यांवर विश्वास ठेवू नये. (इडल्या टेबलावरच राहिल्या.)

सकाळी १०.४०.

तिला टाळत नाही आहे. योग्य मुहूर्ताची वाट बघतोय.

डेकवर ती समोरून येताना दिसली. जवळचं दार उघडून आत शिरलो तर आत झुंबा. मागून बायकांचा लोंढा आल्याने तिसऱ्या ओळीत अडकलो. चाळीस मिनिटं. शिकवणाऱ्या बाईंनी दोनदा ‘अंकल सुपर’ म्हटलं. दरवाजाच्या काचेतून अक्का पदर तोंडाला लावून बघत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, लेकीला भिऊन राहिलास का रं? लहानपनी मास्तर घरी आला की असाच जोंधळ्याच्या कनगीमागं दडायचास. मी म्हणालो, व्यायाम होता. ती म्हणाली, हाव, दिसला की.

दुपारी १२.२०.

बाराची मुदत वाढवली.

बातमी मागे घेण्यासाठी इंटरनेटच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने केबिन नंबर विचारला आणि हसून सांगितलं, बुकिंग मिस शिल्पांच्या नावावर आहे, त्यांच्या फोनवर परवानगीची सूचना जाईल, पाठवू का? म्हणजे लेकीपासून लपवायची गोष्ट लपवण्यासाठी लेकीचीच मंजुरी. मी म्हणालो, नको, मी सहज आलो होतो. ती म्हणाली, हॅव अ रिलॅक्सिंग डे सर.

दुपारी २.१०.

जेवण. उज्वला म्हणाली, शिल्पा, तुझ्या पप्पाला विचार, भात घेनार का. मी हातभर अंतरावर होतो. म्हणालो, शिल्पा, आईला सांग, थोडा. आमची पद्धतच अशी. वाद नाही, अबोला नाही, सगळं सुरळीत. शिल्पा पुण्याला असली की मी तिला फोन करतो, ती आईला करते, आणि देगलूरला स्वयंपाकघरातून मला हवी ती भाजी बाहेर येते.

आज मात्र तिनं निरोप पोचवला नाही. चमचा खाली ठेवून आमच्या दोघांकडे नुसती बघत राहिली. अक्का म्हणाली, आगं वाढ की भात, काय दिल्लीला तार करायलीस का!

दुपारी ४.३०.

सगळं कळलं तिला.

ऑफिसच्या कामासाठी तिनं स्वतःच इंटरनेट घेतलं. घेताक्षणी साठ-सत्तर अभिनंदनं. मी मागच्या डेकवर लाइफबोटींची संख्या मोजत होतो, तिथं ती आली. हातात फोन, फोनमध्ये पहिलं पान, रंगीत. फोटो तिचा दहावीचा. (माझ्याकडे तोच होता.) लेखाचा शेवट तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवला. शेजारी एक गुजराती कुटुंब ढोकळा खात होतं, ते खायचं थांबलं.

मी म्हणालो, अगं, आगाऊ मजकूर होता, शुद्धिपत्र देतो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पप्पा, मी गेल्याच आठवड्यात संगमेशला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याच्यात खोट काही नाही. तो म्हणाला, तुमच्या पप्पांना तुम्हीच सांगा, मग मी घरी सांगतो. तो बिचारा थांबून राहिलाय, आणि तिकडं त्याचे वडील सकाळपासून गल्लीत पेढे वाटून राहिलेत. मला मार्चमध्ये डब्लिनला जायचंय. तीन वर्षं. हेच सांगायला दिवसभर तुमच्या मागं फिरले.

मग म्हणाली, तुम्ही मला विचारलं सुद्धा नाही आणि माझं उत्तर छापलं.

यावर मला बरंच काही सुचलं. संस्कृतातही सुचलं. शेवटी तिच्याकडे फोन मागितला.

सायं. ५.२५.

तिच्या फोनवरून व्यंकटला शुद्धिपत्र पाठवलं. मजकूर तिला वाचून दाखवला. ‘अनवधानाने’ तिनं खोडायला लावलं. ‘तांत्रिक कारणामुळे’ही. उरलं ते एवढंच: ‘आजच्या लेखातील होकार मी माझ्या मनाने लिहिला. तो कुणी दिला नव्हता. — दयानंद.’ घटना घडून गेल्यावर लिहिलेली अलीकडची ही पहिलीच बातमी.

नंतर तिच्याच इंटरनेटवरून गुरुपादप्पांना फोन.  सगळं सांगितलं, संगमेशला आधीच माहीत होतं हेही.   ते म्हणाले, सर, मी पेपर देवघरात ठेवला होता हो. पुढं म्हणाले, पोरगा सकाळपासून पेढ्याला हात लावत नव्हता, मला वाटलं लाजून राहिलाय. आणि शेवटी, पोरीला रागवू नका.

रागवायला मी शिल्लक कुठं होतो?

सायं. ६.४०.

सूर्य मावळला. लेखात लिहिला होता त्याहून बराच साधा. ढगाआड गेला.

शिल्पा अक्काला घेऊन जादूचे प्रयोग बघायला गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, त्याचा अर्थ लावत बसलो नाही. उज्वला शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिला डब्लिनचं महिन्यापासून ठाऊक होतं, असं आत्ताच शिल्पाकडून कळलं. मला तिच्याशी काहीतरी बोलावंसं वाटलं. थंडी वाजते का, एवढंच विचारायचं होतं. तोंड उघडलं आणि सवयीनं मान वळवून शिल्पा कुठं दिसते का ते पाहिलं. शेजारी पाहतो तर उज्वलाही तेच करत होती.



लेखाची बदनामी आठ दिवसांत विरेल. संगमेशला चांगलं स्थळ मिळेल. शिल्पाचं तिथं नीट होईल, ती हुशार आहे. काळजी यातल्या कशाचीच नाही. मार्चनंतर घरी आम्ही दोघंच. शिल्पाचा फोन येईल तिकडची वेळ बघून, रोज येईलच असं नाही. सत्तावीस वर्षांत मी उज्वलाशी सरळ बोलायला शिकलो नाही, आणि आता या वयात ते जमेल की नाही, याची मला भीती वाटते.