बूनच्या शंभराव्या दिवसाआधी

१२ ऑक्टोबर, बुद्धवर्ष २५६६
म्वेई नदीकाठ

पूज्य भंते,

धाकट्या बहिणीचा, ओरापिनचा, दुरूनच गुडघे टेकून नमस्कार. आपल्या विहारात सगळे खुशाल असतील. वर्षावासात आपला उजवा गुडघा फार धरतो, तो शेकत जा. पाठवलेलं तेल पोचलं की नाही, ते आपण कळवलं नाहीत.

इकडे पाऊस लांबला आहे. गेस्टहाऊसच्या आठ खोल्यांपैकी तीनच भरल्या आहेत. दोन नंबरला एक म्हातारा जर्मन उतरलाय. स्वतःचे कपडे स्वतः धुतो आणि मला पक्ष्यांची नावं विचारतो. मला चिमणी आणि कावळा सोडून काही येत नाही, तेव्हा मी सगळ्यांना आलटून पालटून तेच सांगते. नदीपलीकडे, बर्मी हद्दीत, गेल्या आठवड्यात दोन दिवस तोफा चालल्या. काचा थरथरतात, पण आता पाहुणे हातातला चहासुद्धा खाली ठेवत नाहीत. सोमवारी एक गोळा अलीकडे मक्याच्या शेतात पडला. म्हैस जागीच मेली आणि ती वळायला गेलेल्या बाईचा पाय गुडघ्यापासून गेला. तिची किंकाळी आपल्या व्हरांड्यापर्यंत आली. मी गाद्यांचे अभ्रे घडी घालत होते, ते घालतच राहिले. भंते, माझं असं झालंय.

बूनच्या मृत्यूनंतरच्या शंभराव्या दिवसाची तयारी झाली आहे. नऊ भिक्खूंना निमंत्रण गेलं. वर्षावास संपला की आपण निघाल आणि आदल्या दिवशी पोचाल, असं आपण लिहिलंत. आणखीही एक लिहिलंत. बूनच्या नावाचं जेवण ओरापिननेच स्वतःच्या हाताने वाढावं, कारण त्याच्या आईच्या जागी तीच होती.

ते वाक्य वाचून आज सहा दिवस झाले. चार पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

को म्याटला आपण ओळखता. आपल्याकडे अकरा वर्षं पंखे, नळ, छप्पर बघणारा बर्मी माणूस. आपण अंत्यसंस्काराला आलात तेव्हा तो कोठडीत होता. आपण त्याच्याबद्दल विचारलंत, तेव्हा मी म्हटलं, 'पोलीस बघताहेत.' अजूनही ते बघताहेतच. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याचे पुढचे दोन दात पाडले आणि बरगडी मोडली. त्याच्याकडून कबुलीच्या कागदावर अंगठा घेतला. त्याची बायको एई रोज इथे येते, चादरी धुते, माझ्याशी नेहमीसारखंच बोलते. परवा दोरीवर चादर टाकता टाकता म्हणाली, "बाई, तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ऐकतील. बूनला त्याने लहानाचा मोठा होताना पाहिलं, एवढं तरी सांगा त्यांना." मी म्हटलं, सांगते.

म्याटने बूनला मारलं नाही.

इथून पुढे भंते म्हणवत नाही. दादा म्हणते आणि घरातल्यासारखं बोलते. चिवराचा अपमान झाला तर तोही माझ्याच माथी.

दादा, तू घर सोडलंस तेव्हा बून नऊ वर्षांचा होता. वहिनी जाऊन दोन महिने झाले होते. तुला शांती हवी होती आणि ती तुला मिळाली, याचा मला आनंदच आहे. पण त्या पोराला रात्री झोप लागायची नाही. त्याचा पाय माझ्या पायाला टेकलेला असला तरच तो डोळे मिटायचा. मोठा झाल्यावरही तो वाईट नव्हता. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. वाईट असता तर मला सगळं सोपं गेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी त्याने नवी गाडी घेतली आणि मला पाहुणे आणून द्यायला लागला. तीन-तीन, चार-चार जण. लाओसचे, आफ्रिकेतले, चिनी, सगळे तरुण. अंगावर नवे कपडे. व्हरांड्यात बसून फोनवर आईला सांगायचे, ऑफिसातलं काम आहे, राहायची सोय आहे. त्यांचे पासपोर्ट बूनच्या खिशात असायचे. सकाळी मी त्यांना तांदळाची पेज वाढायची, वर तळलेला लसूण घालायची, आणि बून त्यांना गाडीत घालून नदीकडे न्यायचा.

मी तीस वर्षं गेस्टहाऊस चालवते. गेलेला पाहुणा परतीच्या वाटेवर कधी ना कधी पुन्हा उतरतोच. या लोकांपैकी एकही उतरला नाही. पलीकडे भिंतींवर काटेरी तारा आहेत, आत माणसांना कोंडून फोनवरून जगाला फसवायला लावतात, हे बाजारात भाजीवालीलाही ठाऊक होतं. मी बूनला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "मी ड्रायव्हर आहे, आत्या. ड्रायव्हरला काय माहीत?" मी पुन्हा विचारलं नाही. पेज करत राहिले.

जुलैत, एका सकाळी, मागच्या दारात एक मुलगी बसलेली दिसली. भिजलेली, अनवाणी. डाव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडलेली. मी तिला ओळखलं नाही. ती लाओ भाषेत म्हणाली, "मावशी, मी वन्ना. सहा नंबरच्या खोलीत राहिले होते. तुम्ही मला पेज दोनदा वाढली होती."

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. नदी पोहून ती अलीकडे आली, आणि अख्ख्या देशात तिला माहीत असलेलं घर एकच होतं.

मी तिला सहा नंबरमध्येच ठेवलं. कपडे बदलताना तिची पाठ पाहिली. विजेच्या दांड्याचे चटके, जोडी जोडीने, मानेपासून कमरेपर्यंत. दिवसाचं ठरलेलं काम झालं नाही की एक जोडी. बोटं हातोडीने मोडली होती, कारण तिने घरी फोन केला होता. तिच्या शेजारच्या मुलाने तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली. तो मेला नाही. बाकीच्यांनी खिडकीतून पाहावं म्हणून त्याला दुपारभर उन्हात तसाच ठेवला. हे सांगताना ती रडली नाही, फक्त मी दाराशी गेले की उठून उभी राहायची. मी म्हटलं, "बस, बाळ." तर म्हणाली, "बसलं की मारतात."

बायकांच्या आश्रमातल्या एका बाईशी मी बोलले. पाचव्या दिवशी या, तिला लाओसला पाठवायची सोय करते, असं ती म्हणाली. चार दिवस काढायचे होते. म्याटला आणि एईला मी काही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी बून आला आणि म्याटला फाटकातच विचारू लागला, सहा नंबरला कोण आहे. म्याट म्हणाला, माहीत नाही. बूनने त्याच्या थोबाडीत मारली. म्याटने त्याला भिंतीवर ढकललं. गल्लीतल्या लोकांनी पाहिलं. तेच भांडण, ज्याबद्दल पोलिसांनी मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो परत आला. म्याट बर्फ आणायला गेला होता. मी स्वयंपाकघरात मिरच्यांचा ठेचा कुटत होते. बून सरळ जिन्याकडे गेला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बून, थांब. ती माझी पाहुणी आहे."

"पाहुणी कसली, आत्या? पळालेली आहे ती. तिला परत नेली नाही तर मला ठेवून घेतील. तसं सांगितलंय मला."

"मग तूही इथेच राहा. दार लावून घेऊ. पोलिसांना बोलावू."

तो हसला. "कोणत्या पोलिसांना?"

तो वर गेला. कडी तुटल्याचा आवाज आला. मग तो तिला केसांना धरून खाली ओढत आणताना दिसला. तिने जिन्याचा कठडा धरला होता, त्याच मोडक्या हाताने. तो म्हणाला, "सोड." तिने सोडला नाही. त्याने बुटाची टाच तिच्या बोटांवर दिली आणि दाबली. दादा, तो आवाज सुक्या काटक्यांसारखा नसतो, ओला असतो. ती ओरडलीसुद्धा नाही. तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिली.

दगडी बत्ता माझ्या हातातच होता. मी मागून गेले आणि त्याच्या डोक्यात घातला.

एक घाव. पोरगी सुटली. तो गुडघ्यांवर बसला. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित तो आज असता, टाके पडले असते, मला शिव्या दिल्या असत्या. मी कोणालाही सांगू शकले असते की मी मुलीला वाचवायला हात उचलला, आणि ते खरं ठरलं असतं.

पण त्याने मान वळवली. कानामागून रक्त सदऱ्यात उतरत होतं. रागावलेला नव्हता. लहानपणी पडला की बघायचा तसं बघत होता. म्हणाला, "आत्या, तुला तर सगळं माहीत होतं."

मी दुसरा घाव त्याच्या तोंडावर घातला. मग तिसरा.

ती तोपर्यंत भिंतीशी सरकली होती. त्याच्या हातात काही नव्हतं. तो उठत नव्हता. ते दोन घाव मी तिच्यासाठी घातले नाहीत, दादा. तो बोलला ते पुन्हा बोलू नये म्हणून घातले. हे तुला सांगायचं होतं. अकरा आठवडे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

मी बत्ता धुतला. हातांना मिरची लागलेली, रक्तही, दोन्हींची आग होत होती. वन्नाच्या डोक्यावरून ओढणी घातली, तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि आश्रमात सोडून आले. बून जिवंत आहे की नाही, हे मी वाकून पाहिलं नाही. परत आले तर गल्ली माणसांनी भरलेली. म्याट जिन्याखाली बसला होता. बूनचं डोकं त्याच्या मांडीवर. म्याटचा सदरा लाल झाला होता.

मी पोलिसांना म्हटलं, बाजारात गेले होते. त्यांनी विचारलं, काल या बर्म्याचं आणि मयताचं भांडण झालं होतं का? मी म्हटलं, झालं होतं. माझ्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य खरं होतं, आणि त्याच वाक्यावर त्यांनी म्याटला उचललं.

वन्ना घरी पोचेपर्यंत गप्प राहायचं, नाहीतर तिचा ठावठिकाणा फुटेल, असं मी ठरवलं होतं. ती ऑगस्टअखेर पोचली. तिच्या आईने फोनवर माझे आभार मानले. म्हणाली, तुमचं पुण्य मोठं. त्यानंतरचे सहा आठवडे मी कोणासाठी गप्प होते, याचं उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते चांगलं नाही.

गेल्या शुक्रवारी म्याटला भेटायला गेले. जाळीपलीकडून तो म्हणाला, "बाई, मी आलो तेव्हा बूनचा जीव होता. पाणी मागितलं त्याने. माझ्याकडे बर्फच होता. मी एक खडा त्याच्या ओठांना लावला." मग म्हणाला, "त्याने कोणाचं नाव घेतलं नाही. मी विचारलं होतं. त्याने घेतलं नाही."

म्याटला कळलंय, दादा. तो स्वयंपाकघरात मागच्या दाराने येतो. त्या दिवशी ठेचा अर्धवट होता आणि बत्ता धुऊन उन्हात ठेवलेला होता. तो अकरा वर्षं माझं स्वयंपाकघर बघतोय. कळूनही त्याने माझं नाव घेतलं नाही. दात गेले, बरगडी मोडली, तरी नाही. मी त्याला विचारलं, "का रे?" तो म्हणाला, "तुम्ही स्वतः याल असं वाटलं."

बत्ता फडक्यात बांधून दाराशी ठेवला आहे. हे पत्र टपालात टाकून मी चौकीवर जाते. आश्रमातली बाई वकिलाला घेऊन तिथे येईल. घाव तीन होते, हे मी सांगणार आहे. गाडीतून किती लोक गेले, त्यातली जी नावं मला आठवतात तीही सांगणार आहे. पाहुण्यांच्या वहीत दोन वर्षांची सही-नावं आहेत, ती वही बरोबर घेतली आहे. पलीकडची माणसं यावर गप्प बसणार नाहीत. म्हणून एईला लेकरांसह आश्रमात जायला सांगितलं. ती जायला तयार नव्हती. मग मी तिला सगळं सांगितलं. तिने ओली चादर माझ्या तोंडावर फेकली, माझ्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं, जमेल तितकं, आणि मग खाली बसून आधी हेच विचारलं, "म्हणजे तो सुटेल?"

त्या मुठींनी मला अकरा आठवड्यांत पहिल्यांदा श्वास आला.

बूनचं जेवण कोणीही वाढो, मी वाढू नये. पुण्य वाटताना दात्यांत माझं नाव घेऊ नकोस. मेल्यावर तरी त्याला माझ्या हातचं खावं लागू नये. त्याच्या अस्थींशी बसून तुला जे बोलायचं ते बोल. तो शेवटपर्यंत घाबरलेला होता हे लक्षात ठेव, आणि त्याने माणसं विकली हेही. मी दोन्ही लक्षात ठेवते. तू मला भेटायला येऊ नयेस असं वाटतं, आणि यावंस असंही. येशील तर चिवरात ये. मला तुझ्यापुढे गुडघे टेकता येतील. तू नुसता दादा म्हणून समोर उभा राहिलास तर तुझ्याकडे कसं बघायचं, मला माहीत नाही.

तुझ्या मुलाला वाढवणारी आणि मारणारी,
ओरापिन