ज्यांनी मारलं ती माणसं

६ मार्च १९३२, तळोदा
सातवीला आज इंग्रजीतला ‘हू’ घेतला. मुलांचं नेहमीच्याच जागी अडलं. मराठीत आपण ‘जी मुलं अभ्यास करतात ती’ म्हणतो. ‘जी’ आधीच येतो, त्यामुळे सगळी मुलं नव्हेत हे पहिल्यापासून कळतं. इंग्रजीत आधी ‘बॉइज’ म्हणून मोकळं व्हायचं आणि ‘हू’ची शेपटी मागून लावायची. शेपटीआधी स्वल्पविराम नसेल तर तेवढीच मुलं. असेल तर सगळी मुलं, आणि सगळीच अभ्यास करणारी. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहून मोठ्याने वाचली. मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, ऐकायला तर सारखीच आहेत. खरं आहे.

दुपारी मामलेदार कचेरीचा शिपाई. जंगलखात्याचे गोरे साहेब डोंगरात चौकशीला निघालेत, त्यांचा दुभाषी हिवतापाने पडला. उद्या मी जायचं. हेडमास्तरांनी मला न विचारताच होकार देऊन टाकला होता.

सौ.ला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, वसंताचं कुणाला कळलं तर?
वसंता माझा धाकटा भाऊ. जंगल सत्याग्रहात सापडला, धुळ्याच्या तुरुंगात आहे. तळोद्यात कुणाला ठाऊक नाही. मी नोकरीत अजून कायम नाही.

७ मार्च, वाटेत
साहेब घोड्यावर. मागे मी, कारकून आणि बंदुका घेतलेले पोलीस. तळोदा सोडल्यावर गाडीरस्ता थोडा वेळ, मग चढण. मोहाची फुलं पडायला लागली आहेत, सगळ्या रानात तो गोड, जड वास. एरवी आवडला असता.

कारकुनाकडून हकिगत कळली. गाव आंबापाटी, काठी गावाच्या अलीकडे. घर बांधायला कुणी साग तोडला होता, जंगलावर पहारा करणारा नाकेदार तो जप्त करायला गेला. काही माणसांनी त्याला धरून मारलं. हात मोडला. दिवस मावळला होता, तोंडं ओळखली नाहीत म्हणतो. आता साहेबांना माणसं हवी आहेत.

कारकून चालता चालता सहज म्हणाला, “मास्तर, धुळ्याला तुमचं कोण असतं?” मी म्हटलं, लांबचे नातेवाईक. पुढे त्याने विचारलं नाही. का विचारलं असेल?

८ मार्च, आंबापाटी
गावात बाया, म्हातारे, पोरं. जवान माणूस दिसत नाही. पोलीस दिसल्याबरोबर बाया दारातून आत गेल्या, पण एकही दार लागलं नाही. दारं नाहीतच बहुतेक झोपड्यांना.

गावचा कारभारी दामज्या पुढे आला. साठीचा असेल. बाजाराला तळोद्यात येतो, म्हणून त्याला अहिराणी येते. घरी पावरी बोलतात, ती मला कळत नाही. साहेबांचं इंग्रजी मी अहिराणीत सांगायचं, त्याची अहिराणी इंग्रजीत. मध्ये मी एकटा. कुठे चुकलं तर दोन्हीकडच्यांना कळणार नाही.

साहेबांनी विचारलं, माणसं कुठे आहेत?
दामज्या म्हणाला, “गावना माणसे गुजरातमा ऊस तोडाले गयात. ज्यासनी मारं त्या बी पयी गयात.”
गावची माणसं ऊसतोडीला दरवर्षी जातात, होळीला परततात, हे मी नीट सांगितलं. मग दुसरं वाक्य. ‘द मेन हू बीट द गार्ड हॅव रन अवे.’ साहेबांनी मान हलवली आणि कारकुनाला काही सांगितलं. सरळ पार पडलं असं वाटलं. जेवलो. माझी भाकरी सौ.ने दिलेली होती, ती खाल्ली. साहेबांच्या तंबूत कोंबडी शिजत होती. कुणाची, विचारलं नाही.

९ मार्च
सकाळी साहेबांनी हुकूम हातात दिला. गाव गोळा करून वाचून दाखव म्हणाले.

पहिल्याच ओळीत ‘मेन’नंतर स्वल्पविराम. ‘हू बीट द गार्ड’, पुन्हा स्वल्पविराम. म्हणजे माझं कालचं वाक्य उलटं झालं. ज्यांनी मारलं ती माणसं पळाली, असं न राहता गावची माणसं पळाली, आणि त्या सगळ्यांनी मारलं. खाली पुढचं होतं. पळालेल्यांच्या झोपड्या मोडायच्या, बायका-पोरांना तळोद्याला नेऊन ठेवायचं, माणसं हजर होईपर्यंत. म्हणजे सगळं गाव. ऊस तोडणाऱ्यांना काय झालं ते ठाऊकही नसणार.

बाया जमल्या होत्या. कागद माझ्या हातात. हा स्वल्पविराम साहेबांचा की कारकुनाचा, कळेना. कारकुनाचा असला तर तो माझ्यावर उलटेल. धुळ्याचं त्याला माहीत असलं तर...

तरी साहेबांजवळ गेलो. म्हटलं, काल मी सांगितलेल्या वाक्यात ही दोन चिन्हं नव्हती. कारभाऱ्याने सगळ्यांबद्दल सांगितलं नाही, फक्त मारणाऱ्यांबद्दल सांगितलं. साहेबांनी कागद परत घेतला. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि दोन्ही चिन्हं खोडली. रागावले नाहीत. मला जरा हलकं वाटलं.

आणि मग त्यांनी विचारलं, “मग कोणती माणसं?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळी नव्हेत म्हटलं, की कोणती ते सांगावं लागतं.

दामज्याला विचारलं. उत्तर देताना तो माझ्याकडेच बघत होता. साहेबांकडे एकदाही बघितलं नाही. म्हणाला, “आम्ही समदासनी मारं. आसंच सांग.”
मी हळूच म्हटलं, दादा, काल तुम्हीच तर म्हणालात, ज्यांनी मारलं ते.
“काल म्हणनू. आज समदासनी.”

सगळ्यांनी मारलं, हे इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी आधी खोडलेली चिन्हं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. या माणसाला तू काय शिकवलंस, असं विचारलं. काहीही शिकवलं नाही, अशी मी शपथ घेतली. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. शेवटी हुकूम घडी करून खिशात टाकला. होळीनंतर परत येतो, माणसं परतलेली असतील, तेव्हा नावं तयार ठेवा, नाहीतर हुकूम जसा आधी होता तसा. हे मी अहिराणीत सांगितलं. बाया उठून गेल्या. कुणी रडलं नाही.

११ मार्च, तळोदा
परत आलो. अंगात कणकण. सौ. म्हणते हिवताप, डोंगरातला. मला वाटतं भीती.

वर्गात ‘हू’ पुढे नेला नाही. विशेषणांची उजळणी घेतली.

मी गप्प बसलो असतो तर? हुकूम वाचला असता, झोपड्या पडल्या असत्या. बोललो, तर आता दोघा-चौघांच्या गळ्याला दोर. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, दोघा-चौघांचा बरा की अख्ख्या गावाचा? तिचं म्हणणं चूक नाही. पण दामज्याला ते का पटत नाही?

१४ मार्च
कारकून शाळेत आला होता, हेडमास्तरांकडे. दार ओढून बसले होते. बाहेर पडताना मला नमस्कार केला, फार वाकून.
मी वर्गावर गेलो.
वसंताची जुनी पत्रं चुलीत घातली. सौ.ने एक काढून घेतलं, पदराखाली धरलं. ठेव म्हटलं.

१८ मार्च
बाजार. दामज्या शाळेच्या कुंपणाशी येऊन उभा. डोक्यावर डिंकाची टोपली. आत या म्हटलं, आला नाही. मीच बाहेर गेलो. आजूबाजूला कोण आहे ते आधी पाहून घेतलं.

माणसं यायला लागली, म्हणाला. होळीला सगळी असतील. साहेब आला की सगळे एका ठिकाणी बसणार आणि सगळे म्हणणार, आम्ही मारलं. दोघं-चौघं एकटे गेले की ते परत येत नाहीत, गावाने ते पाहिलंय. सगळं गाव न्यायला मात्र सरकारकडे एवढ्या बेड्या कुठे? असा त्याचा हिशेब. हे सगळं त्याने अगदी शांतपणे सांगितलं, डिंकाचा भाव सांगावा तसं.

मी विचारलं, खरंच कोण होते ते?
“तुले माहीत पडनं ते तुले सांगनं पडी,” म्हणाला. म्हणजे कळलं, की मला सांगावं लागणार.

मग टोपली उतरवून मूठभर डिंक माझ्या हातात ठेवला. घरी बाईला दे म्हणाला. सौ.ला सहावा महिना आहे हे त्याला कुणी सांगितलं? की माझ्या तोंडावरच दिसतं सगळं?

२२ मार्च
होळी. चौकातली पेटली. वर काठीकडे ढोल वाजत असणार, आंबापाटीची माणसंही तिथे नाचत असतील.

२४ मार्च
शिपाई पुन्हा आला. जुना दुभाषी उठून कामावर लागलाय, तरी साहेबांनी नाव घेऊन मलाच बोलावलंय. का? मी नीट सांगतो म्हणून, की मला पकडायचंय म्हणून? हेडमास्तर म्हणाले, सांभाळून बोला, मास्तर. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी ऐकू आली.
सौ. म्हणाली, आजारी आहे म्हणून कळवा. कळवलं तर जुना दुभाषी जाईल. दामज्या जे म्हणेल त्याचं तो काय करील, सांगता येत नाही. तसं माझंही सांगता येत नाहीच.

२५ मार्च
पहाट. झोप नाही. सगळी तयारी करून बसलोय.

तोंडाने घोळवून बघतो. ‘आम्ही मारलं.’ ‘वी बीट हिम.’ छोटं वाक्य. मागे काही जोडायचं नाही, स्वल्पविराम द्यायचा की नाही हा प्रश्न नाही. तेवढंच सांगायचं आणि तोंड मिटायचं.
पण साहेब हुशार आहेत. ते विचारणार, ‘वी’ म्हणजे कोण कोण? आणि विचारताना गावाकडे नाही, माझ्याकडे बघणार.

सौ. दारात उभी आहे. गाडी आली.