श्वासाला शून्य मार्क

२ फेब्रुवारी, सकाळी ७.००
आजपासून रोजनिशी. रोज निदान पाच ओळी. ग्रंथाची पूर्वतयारी म्हणून. ग्रंथाचं नाव ठरलं: सोल, काल आणि आज. प्रकरणं बारा. सिद्धांत एकच: आजचे सोल (म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं आर्त गाणं) गायक जुन्या थोरांच्या पासंगालाही पुरत नाहीत. असं म्हणतात सगळेच, सिद्ध कोणी केलेलं नाही. मी करणार. त्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी माझ्यापाशी आहेत. चारशे बारा जुन्या रेकॉर्ड्स आणि तयार कान. एकतीस वर्षं कानाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करतोय. माणसाला कमी ऐकू येतंय हे त्याच्याआधी मला कळतं.

ही चहा ठेवून काहीतरी पुटपुटत गेली. बायको हल्ली फार पुटपुटते.

५ फेब्रुवारी
प्रकरण पहिलं: श्वास. गाणं शब्दांत नसतं, शब्दाआधीच्या श्वासात असतं. माझी थोरली बाई (जुनी गायिका; रेकॉर्डवरचं नाव वेगळं आहे, पण मी थोरलीच म्हणतो) निरोपाची ओळ घेण्याआधी असा काही श्वास घेते की ऐकणाऱ्याचं निम्मं आयुष्य तिथेच संपतं.

मुलगी चार वर्षांची असताना मांडीवर घेऊन तिला हे शिकवलं. डोळे मिटायचे. श्वास आला की बोट वर. दवाखान्यातही आवाज आला की मी पेशंटना बोटच वर करायला लावतो. बटण आहे, पण बटणाने लबाडी करता येते. मुलगी एकदाही चुकली नाही. घरातलं नाव भोंगा, कारण पाळण्यात रडायची ते तीन घरं ऐकू जायचं. आता दुसऱ्या शहरात सोल गाते. नव्या पद्धतीचं. असो.

उद्या पहिलं प्रकरण पुरं.

९ फेब्रुवारी, रविवार
पहिलं प्रकरण झालं नाही. पेन अडखळत होतं.

रिटायर्ड पोस्टमास्तर आले. दर रविवारी माझ्याकडे रेकॉर्ड ऐकायला येतात. आज त्यांनीच आजकालच्या पाच गायकांची गाणी आणली होती. मी तक्ता केला. श्वास, शब्द, दुःख. प्रत्येकी दहा मार्क. श्वासाला कोणालाही दोनच्या वर देता आले नाहीत. घेतच नाहीत! कंप्युटर कापून टाकत असणार. शब्द तोंडात गुळणी धरल्यासारखे. ‘स’ नाही, ‘फ’ नाही. पोस्टमास्तर म्हणाले, त्यांना तर सगळं स्वच्छ ऐकू आलं. मी वाद घातला नाही. माणूस आयुष्यभर शिक्के मारत बसला, त्याला काय बोलणार.

दुपारी किटली जळली. शिट्टी वाजलीच नाही. वस्तूंतसुद्धा जुना दम राहिला नाही. आठव्या प्रकरणात किटलीचा उल्लेख करावा.

१४ फेब्रुवारी
भोंग्याचा फोन. तिची पहिली रेकॉर्ड निघतेय, पुढच्या महिन्यात. नऊ गाणी. सगळ्यांच्या आधी मला पाठवली आहेत. खरं काय वाटलं ते सांग म्हणाली, फक्त शेवटचं गाणं शेवटपर्यंत ऐक. आवाज फार बारीक येत होता, लाईन खराब. फोन हिला दिला. दोघी खूप वेळ हसत होत्या. कशावर, ते विचारलं नाही.

निश्चय: पोटची पोर म्हणून सूट नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
दोनदा ऐकली. छातीवर दगड ठेवून लिहितो. तीच गत. आठ गाणी बरी म्हणता येतील, शेवटचं मात्र हातचं गेलेलं. वाद्यं जवळजवळ नाहीतच. भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तशी एक ओळ, मग बराच वेळ काहीच नाही, मग आणखी एक ओळ. मधे नुसत्या रिकाम्या जागा. तरी चार मिनिटं तेरा सेकंद पूर्ण बसलो. शब्द पाच, दुःख चार. श्वास शून्य.

तीन पानी पत्र लिहिलं. तुला चौथ्या वर्षी जे येत होतं तेवढंही आता येत नाही, हे वाक्य चांगलं उतरलंय. पाकीट बंद करताना ही आडवी आली. परत एकदा ऐका, एवढं मला कळलं. म्हटलं, कान आणि प्रेम मी वेगवेगळ्या खिशात ठेवतो. हेही वाक्य चांगलं होतं. जाऊन पेटीत टाकून आलो.

२० फेब्रुवारी
भोंग्याचं उत्तर. फोनवर एका ओळीचा मेसेज. बाबा, तू खरंच ऐकलंस का? मी लगेच कळवलं: दोनदा.

आभार मानेल असं वाटलं होतं. मानेल. कलावंताला पचायला वेळ लागतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
प्रात्यक्षिक! पोस्टमास्तरांना म्हटलं, बसा समोर. थोरलीची रेकॉर्ड लावली, डोळे मिटले आणि प्रत्येक श्वासाला बोट वर केलं. बावीस श्वास, बावीस वेळा बोट. एकही चुकला नाही. डोळे उघडून बघतो तर पोस्टमास्तर ॲम्प्लिफायरजवळ उभे. चेहरा पडलेला. म्हणाले, दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण पार खाली केलं होतं. नुसता ढोल आणि बास वाजत होता, श्वास कोणालाच ऐकू येणं शक्य नव्हतं.

मी आनंदाने उडालोच. म्हणजे थोरांचा श्वास बटणानेही बंद होत नाही! आजच्या कोणाची आहे ही ताकद? पोस्टमास्तर अर्धा चहा ठेवून निघाले. जाताना खांद्यावर हात ठेवला. पटलेलं दिसतंय.

३ मार्च
ही इतकी ओरडून बोलली की समोरच्यांनी खिडकी उघडली. भोंग्याने शेवटचं गाणं रेकॉर्डवरून काढून टाकलं. आता आठच. मी म्हटलं, चला, मार्गदर्शनाचा उपयोग झाला.

ही आत गेली. मग बॅग भरली. भोंग्याकडे जातेय, रेकॉर्डचा कार्यक्रम आहे पंधराला, नंतरही थोडे दिवस राहीन, असं कागदावर लिहून दिलं. कागदावर का, कळलं नाही. दारात काही बोलली नाही. बोललीही असेल, रस्त्यावरून ट्रक जात होता.

बरं झालं. घरात शांतता. दोन प्रकरणं सहज होतील.

१५ मार्च
आज कार्यक्रम. सात वाजता सुरू. मला आमंत्रण आलं नाही. टपालात गहाळ झालं असणार. पोस्टमास्तरांना विचारलं. म्हणाले, आमंत्रणं हल्ली टपालाने येत नाहीत. म्हणजे गहाळ व्हायची सोयही गेली.

कोट मात्र इस्त्री करून ठेवला होता. सात वाजता घातला. साडेसातला काढला.

तत्त्वाचा प्रश्न होता म्हणून गेलो नाही, अशी नोंद करून ठेवतो.

१६ मार्च
पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य झालं. वाचून बघितलं. खोडलं.

३० मार्च
ही परत आली. कार्यक्रम कसा झाला ते विचारलं. ओठ थोडे हलले. आता घरात चिठ्ठ्या. फ्रिजवर: जेवण झाकलंय. आरशावर: दाराची बेल वाजतेय. हा अबोला दिसतो. माझ्याविरुद्ध मायलेकींनी आघाडी उघडलीय. मीही चिठ्ठी लावली: जुनं ते सोनं. तिने त्याखाली तारीख घालून सही केली.

भोंग्याचा फोन नाही. चव्वेचाळीस दिवस झाले. मी मोजत नाही, रोजनिशीत तारखा असतात म्हणून कळतं.

१ एप्रिल
दवाखान्यात स्टाफची वार्षिक तपासणी. माझी मीच करतो दरवर्षी. बंद खोलीत बसायचं, हेडफोन लावायचा, मशीन आपोआप आवाज सोडतं. कुठला आवाज कितव्या सेकंदाला, हा क्रम मीच पंधरा वर्षांपूर्वी बसवलाय. दरवर्षी माझा निकाल दवाखान्यात सगळ्यांत चांगला असतो. दवाखान्याच्या मोठ्या मॅडमनी आज फर्मान काढलं: या वर्षी सगळ्यांची तपासणी त्या स्वतः हाताने करणार. घ्या म्हणावं.

४ एप्रिल, दुपारी ३
झाली तपासणी.

एकतीस वर्षं खोलीबाहेरच्या खुर्चीत बसलोय, आतल्या खुर्चीत पहिल्यांदाच असा बसलो. लबाड पेशंट काय करतात ते मला पाठ आहे. काचेतून तपासणाऱ्याचा खांदा बघतात. खांदा हलला की बोट वर. मी शेकडो लोकांना रंगेहाथ पकडलंय, आणि घरी येऊन हिला त्यांच्या नकला करून दाखवल्यात.

मॅडमचा खांदा हलला. मी बोट वर केलं. परत हलला. परत केलं. असं पाचसहा वेळा. मग त्या आत आल्या, माझा हेडफोन काढला, समोर बसल्या, आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या की त्यांनी शेवटचे पाच आवाज सोडलेच नव्हते. नुसता खांदा हलवला होता.

ही युक्ती त्यांना मीच शिकवली होती. नवीन आल्या तेव्हा.

५ एप्रिल
आलेख मिळाला. असे आलेख मी हजारो काढलेत. डावीकडे ठीक, खालचे सूर शाबूत. मग जिन्यावरून घसरल्यासारखी रेघ. वरचं सगळं गेलेलं. आजचं नाही, मॅडम म्हणाल्या, सातआठ वर्षं तरी होत असेल. असा आलेख असला की पेशंटला मी एक ठरलेलं वाक्य सांगतो. ‘स’, ‘फ’ जातात, पाखरं जातात, बायकोचा आवाज पुटपुटल्यासारखा येतो. श्वास तर सर्वांत आधी जातो.

ते वाक्य मॅडमनी मला सांगितलं. मी मान डोलावली. काही पेशंट हे ऐकून का रडतात, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

६ एप्रिल, रविवार
थोरलीची रेकॉर्ड लावून बसलो. डोळे उघडे ठेवून. प्रामाणिकपणे. ढोल ऐकू आला. बास. आवाजाचा खालचा भाग. निरोपाच्या ओळीआधी काहीच नव्हतं. रिकामी जागा.

तिला मी आठवत बसलो होतो इतकी वर्षं. नव्यांना कुठून आठवणार?

पोस्टमास्तर आले होते. त्यांना फेब्रुवारीतच कळलं होतं. का बोलला नाहीत विचारलं. म्हणाले, बोललो होतो.

९ एप्रिल
मॅडमनी ट्रायलचं मशीन दिलं, कानामागे लावायचं. आठवडाभर वापरून बघा म्हणाल्या. कागदाचा आवाज एवढा मोठा असतो? चप्पल वाजते. नळ वाजतो. किटलीने शिट्टी मारली तेव्हा हातातला कप पडला. किटलीची माफी मागायला हवी.

स्वयंपाकघरात ही गुणगुणत होती. कधीपासून गुणगुणतेस, विचारलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून. पुटपुटत अजिबात नाही. एकेक शब्द स्वच्छ बोलते. मग विचारलं, तेव्हा दारात बॅग घेऊन काही बोललीस का. नाही म्हणाली. बोलून उपयोग नव्हता म्हणून नाही बोलले, म्हणाली.

कुठलं गाणं गुणगुणतेस, हे विचारायचं धाडस झालं नाही. चाल ओळखीची वाटत होती.

१० एप्रिल, सकाळी ८.३०
ऐकलं. नववं. आता ते फक्त माझ्याकडे आहे.

रिकामी जागा कुठेच नाही. प्रत्येक ओळीआधी श्वास आहे. भोंग्याने सगळी वाद्यं काढली ती त्यासाठीच. थोरलीचा तो निरोपाचा श्वास आहे, अगदी तोच, पण नक्कल नाही. थोरलीचा श्वास सोडून जाणाऱ्याचा. हा मागे उरलेल्याचा. शेवटच्या ओळीनंतर एक आहे, त्याच्यापुढे शब्दच नाही. नुसता श्वास घेऊन थांबते. माझ्यासाठी. बोट वर करायला मला वेळ मिळावा म्हणून.

चौदा श्वास. मी शून्य दिले होते. थोरलीपेक्षा माझी मुलगी चांगली गाते. हे वाक्य खोडणार नाही.

ग्रंथ रद्द. तक्ता फाडला. फाडल्याचा आवाज आला.

११ एप्रिल, सकाळी १०.२०
निश्चय: फोन. सकाळपासून बोलण्याचे मुद्दे काढले. सात. माफी पहिल्या क्रमांकावर.

हिनेच नंबर लावून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. भोंग्याने उचलला. मी सातही मुद्दे एकदम बोललो. मशीनचं सांगितलं, आलेखाचं सांगितलं, चौदा श्वास सांगितले. म्हटलं, ते गाणं परत घे रेकॉर्डवर. ती म्हणाली, रेकॉर्ड निघाली बाबा. म्हटलं, कार्यक्रमात तरी गा. म्हणाली, आता ते गात नाही. गायला गेलं की प्रत्येक ओळीआधी पत्र आठवतं. रागाने नाही म्हणाली. आवाज स्वच्छ येत होता, लाईनमध्ये काहीही दोष नव्हता.

मी म्हटलं, एकच ओळ. फोनवर. माझ्यासाठी. पहिलीच.

मग श्वास आला. पूर्ण. पोटापासून.

मी डोळे मिटले, बोट वर केलं.

ओळ आली नाही. थोड्या वेळाने फोन ठेवल्याचा बारीक आवाज आला. तोही ऐकू आला.