चार टाके आणि सासूबाई

२ मार्च, सोमवार

आडवी! उजवी अक्कलदाढ हिरडीत आडवी पडलीय म्हणे — एक्स-रेत चक्क लोळताना दिसते. "कापूनच काढावी लागेल," डॉक्टर म्हणाला. वयाने माझ्या भाच्याएवढा. चेहऱ्यावर केवढा आनंद!

आगारात साहेबांकडे आठवड्याची रजा मागितली. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईने तोंड मिटून कसं चालेल? साहेब म्हणाले, "अक्कल काढायला आठ दिवस?" हा विनोद आज पाचव्यांदा.

घरी सासूबाईंना स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या — ढिम्म. समोर जाऊन हळूच म्हटलं, "दाढ काढायचीय." लगेच, "कधी?" सोयीचं बहिरेपण, दुसरं काय!

४ मार्च, बुधवार

काढली. दुखलं नाही, पण आवाज! डोक्यात कुणीतरी कपाट सरकवतंय असा. चार टाके. अर्धा ओठ माझा नाहीच — प्यायलेलं पाणी सगळं अंगावर. आठवडाभर बोलायचं नाही, हसायचं नाही. नवरा मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "असा डॉक्टर आपल्याला आधी का नाही भेटला?"

५ मार्च, गुरुवार

गालाचा भोपळा झालाय. स्कार्फ गच्च गुंडाळून बसलेय — खरोखरच तोंड दाखवायला जागा नाही. दात मिटूनच सासूबाईंकडे बर्फ मागितला. "हो, आणते," म्हणाल्या आणि फोटोंचा जुना अल्बम घेऊन आल्या! शेजारी बसल्या. दोन तास! शेवटी मी कळवळून म्हटलं, "दुखतंय हो." तर म्हणतात, "हो ना, फार देखणा होता." फोटोत सासऱ्यांचे मावसभाऊ. हसू फुटलं — टाका ताणला — डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं, मी मावसभावांसाठी रडतेय. बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

६ मार्च, शुक्रवार

सूप. सूप. सूप.

७ मार्च, शनिवार

बास झालं! गोळी मागितली — चादर आणली. पाणी मागितलं — उठून खिडकी लावली. मुद्दाम करतात! नवऱ्याचं काय — "माझ्याशी तर आई कधी वाद घालत नाही. काहीही बोललो तरी हो म्हणते." लाडका लेक ना!

कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवलं — यांना महिनाभर तुझ्या ताईकडे पाठव. नाहीतर मी जाते माहेरी, गालासकट.

वाचून कागद खिशात घातला. मग ताईला फोन लावला. बुधवारी नेऊन सोडणार आहे. जिंकले मी. मग असं उदास का वाटतंय? सूप पिऊन पिऊन असेल.

१० मार्च, मंगळवार

टाके निघाले. स्कार्फ सुटला. आज चक्क काहीतरी चावून खाल्लं!

दुपारी टीव्ही लावला तर चित्र आहे, आवाज नाही. बिघडला वाटलं. नवऱ्याला फोन केला. "अगं, तुला झोप लागावी म्हणून बुधवारी मीच आवाज बंद केला होता. राहिलाच."

बुधवारी! म्हणजे सहा दिवस. आणि सासूबाई रोज दुपारी याच टीव्हीपुढे दोन तास बसतात. कालच मला मालिकेतली भांडणं सांगत होत्या — कोण कुणाला काय म्हणालं, अगदी शब्दन्‌शब्द.

त्यांच्या खोलीत गेले. पाठमोऱ्या बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शेजारी बॅग, अर्धी भरलेली. मी मागे उभी राहून जोरात टाळी वाजवली. दोनदा.

त्या घड्या घालतच राहिल्या.

११ मार्च, बुधवार

ताईकडे जाणं रद्द. सकाळी नवरा अंघोळीला गेल्यावर सासूबाईंच्या खोलीचं दार लावलं, समोर बसले, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले — आई, कधीपासून?

त्यांनी भरलेली बॅग बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "तीन वर्षं झाली. तुझं सगळं कळतं गं मला. पण त्याचं एक अक्षर कळत नाही." दाराकडे नजर टाकून पुढे — "त्याला सांगू नकोस हं, फार मनाला लावून घेईल. तेवढी त्याला मिशी काढायला लाव."