पिवळ्या कंडेन्सरवरची चीर

नालवाडी, वर्धा
बुधवार

प्रिय ओमप्रकाश,

मॅडमचं पत्र म्हटल्यावर तू ते न वाचता खणात टाकशील, म्हणून कामाचं आधी सांगते. गिरडच्या प्रेमदासकडे एक जुना जपानी गिटार-अँप्लिफायर आहे. मागच्याच आठवड्यात मी तो दुरुस्त करून दिला. तो रविवारच्या आत कोणीतरी उघडला पाहिजे. रविवारी प्रेमदासच्या भाचीचं लग्न आहे. मांडवात सडा टाकलेला असेल आणि तो अनवाणी उभा राहून गिटार वाजवेल. तसाच वाजवतो तो, तीस वर्षं. अँपच्या चासीत, त्या पत्र्याच्या सांगाड्यात, करंट उतरला तर तो गिटारच्या तारांतून थेट त्याच्या हातात येईल. सोमवारपासून तुला नऊ फोन केले. नऊही तू कापलेस. अकरा वर्षांचा राग आहे, मान्य. पण शिकवलेल्या बाईचा फोन नऊ वेळा कापायचा, हे काही मी तुला वर्गात शिकवलं नव्हतं. शेजारच्या सपनाचा नवरा रोज तुमच्या देवळीला येतो. त्याच्या हाती हे पत्र पाठवते आहे. तू वाचेपर्यंत तो दुकानातून हलणार नाही, तसं त्याला बजावलं आहे.

रेडिओ-दुरुस्तीच्या वर्गात मी तुमच्याकडून घोकून घ्यायचे, आठवतं? आधी डोळा, मग नाक, मग मीटर. कंडेन्सर जुना आहे हा त्याचा गुन्हा नाही. फुगला, गळला, तडकला, तर गुन्हा. रेझिस्टन्स वयाने वाढतातच, माणसांचं वजन वाढतं तसे. एक पाय सोडवून मोजायचा आणि दहा टक्क्यांच्या आत असेल तर त्याला सुखाने जगू द्यायचं. पन्नास वर्षांपूर्वी ज्या कोणी जपानी बाईने तो अँप जोडला असेल, तिचा सोल्डरचा एकेक टाका आजही आरशासारखा आहे. तिचं काम उपटून टाकायचं तर काही कारण नको? आजकालचे मेकॅनिक खोका उघडतात आणि झाडू मारल्यासारखं सगळं काढून नवं भरतात. मग गिऱ्हाईक विचारतं, आवाज असा पत्र्यासारखा का येतो.

तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाला मी नेमकं हेच बोलले. नारळ फुटला होता, लोक पेढे खात होते, आणि मी तुझा कचऱ्याचा डबा काउंटरवर उलटा केला. तू काढून टाकलेले सतरा पार्ट सगळ्यांसमोर एकेक करून मोजले. चौदा चांगले निघाले. तू दुरुस्ती करत नाहीस, ओमप्रकाश, तू तेरावं घालतोस, असं मी म्हणाले. लोक हसले. त्या चौदांत एक लाइनीवरचा कंडेन्सर होता, मेनपासून चासीला जाणारा. तू खाली मान घालून म्हणालास, मॅडम, हा मी मोजत नाही, नेहमी बदलतोच, हा फुटला की करंट चासीत, आणि तिथे माणसाचा हात लागतो. मी त्यालाही हसले. तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर चूक कबूल करताना उभं राहायला लावायच्या. हे सांगताना मी उभीच आहे.

प्रेमदासचा अँप मी माझ्याच पद्धतीने तपासला. फिल्टरचे दोन मोठे कंडेन्सर फुगले होते, बोटाला टेकाड लागलं. एकाच्या बुडाशी चिकट होतं आणि सडक्या मासळीसारखा वास येत होता. दोन्ही काढले. रेझिस्टन्सचे रंगीत पट्टे वाचले. वाचले म्हणजे, त्या जागी कोणते असायला हवेत ते मला पाठ आहेत. मग लाइनीवरचा तो चपटा पिवळा कंडेन्सर. बोटाला गुळगुळीत लागला. तुम्ही सगळे आकड्यांचे मीटर वापरता, माझा अजून काट्याचा आहे. काटा डाव्या टोकाला जाऊन थांबायला हवा होता. थांबला, असं मी धरून चालले. झाकण लावायच्या आधी फोटो काढला, नेहमीसारखा.

परवा शेजारची सपना तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहत होती. म्हणाली, काकू, या पिवळ्यावर केस चिकटला काय? मी म्हटलं, पुसून पाहा. ती म्हणाली, फोटो होय ना काकू, पुसू कशी. मग मी तिला त्या केसाबद्दल इतके प्रश्न विचारले की ती रडकुंडीला आली. केस नव्हता. या कडेपासून त्या कडेपर्यंत चीर होती, मधोमध काळी पडलेली. पहिल्या सत्रातल्या मुलाला दिसली असती.

मला दिसली नाही. डोळ्यांचा पडदा गेला आहे, ओमप्रकाश. समोर बघितलं की नेमकी मधली जागा धुरकट असते. तू आलास तर तुझे कान दिसतील, चेहरा नाही. चष्म्याने येणार नाही म्हणतात. दीड वर्ष झालं. मी कोणाला सांगितलं नाही आणि कामं घेत राहिले, कारण घरात बसून करू काय? जप?

प्रेमदासला लगेच फोन केला. तो म्हणाला, काऊन घाबरता मॅडम, मस्त वाजून राह्यला, आठ दिवस झाले, कोणाले काई झालं नाई. शेवटी मी सांगून टाकलं की मला दिसत नाही. तो हसला. मले बी चष्म्याबिगर दिसत नाई, तुम्ही तर डोळे मिटून बी करता. दुसऱ्या कोणाला खोलू देशील का विचारलं, तर म्हणे तुमच्या हाताचं काम दुसऱ्याले कसं खोलू देऊ. वर्धा जिल्ह्यातल्या एकूण एक मेकॅनिकला मीच त्याच्यापाशी चोर आणि गाढव ठरवून ठेवलं आहे. तुझं नाव त्यात सर्वांत वर होतं.

म्हणून तू जा. तू गेलास की तो म्हणेल, हा तर मॅडमवर खार खाऊन आहे. तेव्हा हे पत्र काढ. ते तुझ्यासाठी नाहीच, तुला इतकं सांगायची गरज नव्हती. त्याच्या अंगणात, त्याच्या पाहुण्यांसमोर, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. दीड वर्षाचंही वाच आणि तेराव्याचंही. एक शब्द गाळू नकोस, लाजू नकोस. अक्षर सपनाचं आहे, त्याला दाखव. सही माझी आहे, सपनाने बोट धरून जागा दाखवली तरी ती घसरली असेल, तीही दाखव. मग त्याला पटेल. आणि वाचायला सुरुवात करायच्या आधी अँपचा प्लग काढ.

तुझीच,
रीता मॅडम