पाव्हन्यानं उरवलेलं पानी

नीलेशभाऊजी,

राग आहे, म्हनून या खेपेले आशीर्वाद लिवत नाई.

तुमच्या हट्टापायी पंच्याऐंशीच्या मामाजीले, तुमच्या बाबाले, दिवसाआड डायलिसिसले वर्ध्याले नेऊन राह्यलो. घरी आले का मान उचलत नाईत. पानी मोजूनच द्या लागते, म्हनून माठाचं झाकन मीच फडक्यानं बांधलं.

काल पाव्हना आला. मामाजी सवयीनं म्हनले, "रीता, पानी आन." पाव्हना अर्धा गिलास ठेवून गेला. मी चहाचे कप उचलाले आली, तं मामाजी ते उष्टं पानी घटाघटा पिऊन राह्यले होते! जन्मात कोनाचं उष्टं तोंडाले न लावलेला मानूस!

अन् तुम्ही पुन्याहून मलेच म्हनता, "वहिनी, लक्ष ठेवत जा."

डाक्टरनं इचारलं होतं, "या वयात डायलिसिसनं आयुष्य वाढनच असं नाई. त्याइची इच्छा काय?" मामाजी समोरच बसून होते. उत्तर तुम्ही फोनवरून देल्लं: "बाबाले काय समजते? चालू ठेवा."

आज मी इचारलं. "बस झालं," म्हनले. "पन नीलेशले सांगू नको, त्याले वाईट वाटन."

म्हनून हे पत्र धाडत नाई. उद्याची वर्ध्याची गाडीही सांगतली नाई. माठावरचं फडकं सोडलं. बांधायचंच असन, तं तुम्ही येऊन बांधा.

तुमची वहिनी,
रीता
अल्लीपूर